एका नंबरच्या दोघी

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि गोंदियात नागपूरच्या एका कंपनीच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात काम करत होते. कंपनीचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या लॅब वापरायच्या. आमच्याकडं गोंदियातली एक मोठी लॅब होती. देवरी, तिरोडा, आमगाव अशा ठिकाणी तिची लहान केंद्रं होती. केंद्रावर रक्त घ्यायचं, नळीवर नंबराची चिठ्ठी चिकटवायची आणि डबा एसटीनं गोंदियाला पाठवायचा. तपासणी इथं व्हायची, निकाल इंटरनेटवरून केंद्राच्या कॉम्प्युटरवर दिसायचा आणि तिथंच छापून पेशंटच्या हातात पडायचा. यात कुठं काही अडलं की केंद्रवाले मला फोन करायचे.

फोन आला की तक्रार नोंदवायची. तिला नंबर पडायचा आणि घड्याळ सुरू व्हायचं. चार तासांच्या आत 'सुटली' म्हणून बंद केली तर ती हिरवी, नाहीतर लाल. महिनाअखेरीस नागपूरहून सगळ्यांचा तक्ता यायचा. माझ्या नावापुढं सलग सात महिने एकही लाल खूण नव्हती. मी तो कागद घरी आईला दाखवला होता. ती शेतावर रोजीनं जाणारी बाई, तिला त्यातलं फारसं कळलं नाही. तिनं एवढंच विचारलं की ज्यांनी फोन केला त्यांचं काम झालं, असं ते लोक सांगतात का. मी म्हणाले, त्यांना कुणी विचारत नाही, वेळेत बंद झालं की झालं.

देवरीच्या केंद्रावर पन्नाशीतले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही म्हणायची. पूर्वी ते गावोगावी फिरून हिवतापासाठी रक्ताचे नमुने गोळा करायचे. त्या दिवसांची सवय म्हणून कॉम्प्युटर असूनही एका शाळेच्या वहीत प्रत्येक नळीचा नंबर, नाव, गाव आणि वेळ लिहून ठेवत. आमच्या ऑफिसात त्यांच्या वहीवरून हसायचे. मीही हसले होते.

भाताच्या रोवणीचे दिवस होते. एका दुपारी भाऊंचा फोन आला. ते सांगत होते की एका मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट त्यांनी सकाळी छापला तेव्हा त्यात ती वाहक आली. दुपारी तिच्या घरच्यांनी आणखी एक प्रत मागितली म्हणून पुन्हा छापला, तर त्यात काहीच दोष नाही. नंबर एकच, नाव एकच, निकाल दोन. मी माझ्या स्क्रीनवर तो नंबर उघडला. एकच निकाल दिसत होता, दोष नसलेला. सकाळचा कागद दुसऱ्या कुणाचा असेल, नीट बघा, असं मी म्हणाले आणि तक्रार बंद केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी मी नंबर उघडलासुद्धा नाही. शेऱ्याच्या जागी 'केंद्रचालकाची चूक' असं टाइप केलं आणि बंद केली. वीस मिनिटंही लागली नव्हती. हिरवी.

आमच्याकडं सिकलसेल म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. ज्याच्या रक्तात हा दोष एकाच बाजूनं आलेला असतो तो वाहक, त्याला स्वतःला सहसा त्रास नसतो. पण नवराबायको दोघंही वाहक असले तर मूल आजारी निपजू शकतं आणि मग जन्मभर सांधे दुखणं, ताप, रक्त चढवणं. म्हणून आता सोयरीक जुळवताना लोक पत्रिका नाही, हा कागद बघतात.

तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यावर एक बाई आणि तिची मुलगी येऊन बसल्या होत्या. देवरीकडच्या. पहाटेच्या बसनं निघालेल्या, पावसात भिजलेल्या. बाईनं जयभीम केला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढून माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"बाई, माह्या पोरीचं साक्षगंध आठ दिवसांवर आहे. पोरगा वाहक आहे, हे त्यायनं आधीच सांगतलं. आमी म्हटलं, आमच्या पोरीले काई नसंल त होऊन जाऊ द्या. आता सांगा, यातला खरा कोनता होये?"

मी कागद हातात घेतले. तोच शिक्का, तोच नंबर, तीच तारीख.  मुलगी माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्याकडं बघता येत नव्हतं. भाऊंनी मला हेच दोनदा सांगितलं होतं.

मी त्यांना घेऊन लॅबमध्ये गेले. लॅबच्या डॉक्टर साठीच्या जवळच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी दोन्ही कागद बघितले, माझ्याकडं एकदा बघितलं आणि स्वतः उठून मुलीचं ताजं रक्त घेतलं. नळीवर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं. दोन दिवसांनी या म्हणाल्या. मायलेकी गोंदियातच कुणा नातेवाइकाकडं राहिल्या.

ते दोन दिवस मी ऑफिसात बसून होते, फोन घेत होते आणि तक्रारी बंद करत होते. नागपूरच्या साहेबांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते हिंदीत बोलायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की बंद झालेली तक्रार उघडायची नाही, उघडली तर ती लाल होते आणि वर प्रश्न येतात. नवीन तक्रार टाक, त्यात लिही की देवरीच्या माणसानं चुकीच्या नळीवर चिठ्ठी लावली. त्याला कामावरून काढायचं की काय ते लॅबवाले बघतील. मी म्हणाले, त्यांनी दोनदा फोन केला होता. साहेब म्हणाले, "तो तूने दोनों बार क्या लिखा? ऑपरेटर की गलती. वही तो मैं भी बोल रहा हूँ."

 तो शेरा माझाच होता.

मुलीचा निकाल आला. तिच्या रक्तात दोष नव्हता. आईनं डॉक्टरांच्या टेबलाला हात लावून तो कपाळाला लावला. मुलगी पहिल्यांदा बोलली, तिनं विचारलं की आता हा कागद बदलणार नाही ना. डॉक्टरांनी त्यावर सही करून दिली. त्या गेल्या आणि मला वाटलं, सुटले.

डॉक्टर मात्र सकाळचा तो पहिला कागद हातात धरून बसल्या होत्या. वाहक लिहिलेला. त्या म्हणाल्या, "हे रक्त कुणाचं तरी आहे. आमच्या मशीननं ते तपासलंय. कुणाचं?"

मी भाऊंना फोन लावला आणि त्या मुलीचं रक्त घेतलं त्या दिवशी काय झालं होतं ते वहीत बघायला सांगितलं. त्यांनी वाचून दाखवलं. सकाळी सव्वादहाला नेट गेलं, रस्त्याच्या खोदकामात कुठंतरी केबल तुटली, दुपारी दोनला आलं. त्या वेळात त्यांनी पाच नळ्या भरल्या. नेट नसताना आमचं सॉफ्टवेअर पुढचा नंबर स्वतःच देऊन टाकायचं, म्हणजे काम अडू नये. मी दुसऱ्या केंद्रांना विचारलं. केबल एकच होती, तिरोड्याचं नेटही त्याच वेळात गेलेलं. तिथल्या कॉम्प्युटरनंही पुढचा नंबर स्वतःच दिला असणार. तोच नंबर.

मग सगळं सरळ दिसायला लागलं. गोंदियात एकाच नंबरच्या दोन नळ्या आल्या, एक देवरीची, एक तिरोड्याची. तिरोड्याची आधी तपासली गेली, तिचा निकाल त्या नंबरावर चढला आणि भाऊंनी सकाळी तोच छापला. मग देवरीच्या मुलीची नळी तपासली गेली आणि तिचा चांगला निकाल आधीच्यावर बसला. जिचा निकाल आधी चढला होता ती आमच्या यंत्रणेतून पुसलीच गेली. संध्याकाळी तिरोड्याच्या केंद्रानं तिचा कागद छापला असेल तर त्यावर नाव तिचं होतं आणि निकाल देवरीच्या मुलीचा. ती बाई स्वतःला निर्दोष समजून घरी बसली होती. ती तक्रार करणार नव्हती. तिच्यासाठी कुठलंच घड्याळ चालू नव्हतं.

तिरोड्याच्या केंद्रावर वही नव्हती. तिथं काम करणाऱ्या मुलीनं सांगितलं की मधे कॉम्प्युटर बिघडला होता, सगळं पुसून नव्यानं टाकलं, जुनी नावं गेली. एक मात्र उरलं होतं. एसटीनं येणाऱ्या प्रत्येक डब्यात नळ्यांच्या यादीची एक चिठ्ठी असायची. त्या चिठ्ठ्या लॅबमध्ये टेबलाखाली एका पोत्यात टाकून देत. डॉक्टरांनी ते पोतं ओढून माझ्यासमोर ओतलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून चिठ्ठ्या लावत गेलो. काही ओल्या होऊन चिकटल्या होत्या. तीन तासांनी ती सापडली. त्या नंबरापुढं एक साधंसं बाईचं नाव, आडनावाच्या जागी नुसतं एक अक्षर, गावाच्या जागी चोरखमारा, आणि कडेला पेन्सिलनं 'गरोदर' लिहिलेलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. त्यांनी मला समजावून सांगितलं. नवराही वाहक असेल तर पोटातलं बाळ तपासता येतं, पण त्यासाठी नागपूरला जावं लागतं आणि ते ठरावीक महिन्यांच्या आतच. त्यानंतर कायदा गर्भपातही करू देत नाही. ती किती महिन्यांची आहे ते चिठ्ठीवर नव्हतं.

मी साहेबांना न विचारता दुसऱ्या दिवशी सकाळी तिरोड्याची बस धरली. भाऊ वही घेऊन देवरीहून आदल्या दिवशीच गोंदियाला आले होते, ते सोबत निघाले. मी म्हणाले, तुमचं काय काम, तुमची चूक नाही. ते म्हणाले, नळी माझीही होती त्या नंबराची. बसमध्ये ते खिडकीकडं तोंड करून बसले. तसंच बाहेर बघत म्हणाले, "मी तुम्हाले दोनदा फोन केलो होतो, बाई. लिहून असंल तुमच्याकडं." मी हो म्हणाले. त्यांना कामावरून काढण्याचं बोलणं चाललंय हे त्यांना माहीत होतं की नाही, ते मला कळलं नाही. मी सांगितलंही नाही.

तिरोड्याहून माल वाहणाऱ्या एका ऑटोत बसून आम्ही चोरखमाऱ्याला पोचलो. गावात माणूस नव्हतं, सगळे भाताच्या बांध्यांमध्ये रोवण्यावर. आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या बाई, तेवढ्या घरी सापडल्या. त्यांनी नाव ऐकलं आणि म्हणाल्या, या नावाच्या तिघी आहेत. एक म्हातारी, एक शाळेत जाणारी, एक तलावाखालच्या बांधीत रोवणा करून राहिली, ती पोटुशी आहे. किती महिने, मी विचारलं. त्यांनी बोटांवर मोजलं. चौथा सरत आला, त्या म्हणाल्या.

तलावाच्या पाटानं पाणी खळाळत खाली येत होतं. दहा-बारा बाया ओळीनं वाकून रोवत होत्या. आशाताईंनी हाक मारली तेव्हा एक जण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्याहून लहान होती. पोटरीपर्यंत चिखल, हातात रोपांची पेंडी. बांधावर येऊन तिनं पेंडी खाली ठेवली नाही, तशीच धरून उभी राहिली. मी कसं सांगायचं ते बसमध्ये पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हणाले की तुम्हाला दिलेला रिपोर्ट तुमचा नाही, तुमच्या रक्तात सिकलसेलचा दोष असेल असं दिसतंय, तुमचं रक्त परत घ्यावं लागेल आणि नवऱ्याचंही. तिनं सगळं ऐकलं.

"मंग माह्या कागदावर कोनाचं लिहून होतं?"

"दुसऱ्या एका मुलीचं."

"आन कोनं लिहिलं?"

भाऊ काहीतरी बोलायला लागले, मशीनचं, नेटचं. मी त्यांना थांबवलं. मी म्हणाले, चूक मशीनमध्ये होती, पण ती होऊन राहिली हे मला दोनदा सांगितलं गेलं होतं आणि मी बघितलं नाही.  ओळीतल्या बायांनी रोवणं थांबवलं होतं. शेवटी तिनं पेंडी बांधावर ठेवली, पाटात हात धुतले आणि दंड पुढं केला.

"घ्या मंग. कायले उभे राहिले?"

भाऊंनी तिथंच बांधावर बसून तिचं रक्त घेतलं. त्यांचा हात इतका स्थिर होता की मला त्याचा आधार वाटला. नळीवर त्यांनी नंबर टाकला नाही, तिचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, गाव, सगळं लिहिलं.

नवरा रायपूरकडं एका कारखान्यात होता. आशाताईंच्या फोनवरून त्याला बोलावलं. तो येईपर्यंत चार दिवस गेले. या चार दिवसांत तिचा निकाल आला, ती वाहक होती. आता सगळं नवऱ्यावर होतं. डॉक्टरांनी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात बोलून ठेवलं होतं, गरज पडली तर लगेच पाठवायचं म्हणून. मी रोज सकाळी ऑफिस उघडण्याआधी लॅबमध्ये जाऊन उभी राहायची. ऑफिसात नागपूरहून दोनदा विचारणा झाली, देवरीची नवी तक्रार अजून का टाकली नाही म्हणून.

एका दुपारी मी ती टाकायला बसले. माझ्या लॉगिनवरून जुना शेरा बदलता येत होता. मी 'केंद्रचालकाची चूक' हे शब्द पुसले आणि त्या जागी 'तपासणी सुरू' असं टाइप केलं. एवढं केलं असतं तरी माझ्यावर फारसं आलं नसतं. कुणाला कळलंही नसतं. मी ते वाचत बसले, आणि जिन्यावर भिजून बसलेल्या त्या मायलेकी आठवल्या, बांधावरचा तो प्रश्न आठवला. मी काही न साठवता ती खिडकी बंद केली. मग वेगळा कागद घेतला आणि साध्या मराठीत लिहिलं. कोणत्या दिवशी कोणाचा फोन आला, त्यांनी काय सांगितलं, मी काय केलं, काय केलं नाही. दोन्ही वेळा तक्रार मी नीट न तपासता बंद केली. देवरीच्या माणसाची चूक नाही, त्यांच्या वहीमुळं हे सापडलं. खाली सही केली. एक प्रत नागपूरला पाठवली, एक डॉक्टरांना दिली.

नवरा पाचव्या दिवशी आला. उंच, गप्प माणूस, पायांत कारखान्याचे बूट. डॉक्टरांनी त्याचं रक्त घेतलं आणि त्याच दिवशी तपासायला लावलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. ती भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून होती. तो मधेच उठून रस्त्यावर जायचा, परत यायचा. डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडं न बघता सरळ त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, तुमच्या रक्तात दोष नाही, बाळाला आजार होण्याचं कारण नाही, फार तर ते आईसारखं वाहक होईल.

तो खाली बसला. तिनं डोळे उघडले आणि आधी त्याला विचारलं की आता कामावर परत जायचं आहे की रोवणी संपेपर्यंत राहतो. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "माही चार दिवसांची रोजी गेली आन चार दिवसांची झोप गेली. रोजी त देशील तू, झोपेचं का करशील?" मी रोजीचे पैसे पुढं केले. ते तिनं घेतले नाहीत. मला आजही कळत नाही की घेतले असते तर मला बरं वाटलं असतं की नाही. ते बाळ वाचलं ते नवऱ्याच्या रक्तामुळं, आम्ही शोधलं म्हणून नाही. नवरा वाहक असता आणि पोतं पंधरा दिवस उशिरा ओतलं असतं, तर हे लिहिताना मी वेगळं लिहिलं असतं, किंवा लिहिलंच नसतं.

डॉक्टरांनी मग नागपूरच्या कंपनीशी भांडून एक गोष्ट करवून घेतली. प्रत्येक केंद्राच्या नंबराआधी त्या केंद्राचं अक्षर लागायला लागलं. कंपनीनं सगळ्या लॅबना पाठवलेल्या पत्रात त्याला 'नवी सुविधा' म्हटलं होतं. माझ्या कागदाला उत्तर आलं नाही. त्या महिन्याच्या तक्त्यात माझं नाव हिरवंच होतं. दिवाळीनंतर माझा करार वाढवला नाही, कारण सांगितलं नाही. भाऊ देवरीच्या केंद्रावरच राहिले.

पण त्याआधी आम्ही एक काम केलं होतं. केबल तुटली ती काही एकदाच नव्हती. भाऊंच्या वहीत नेट गेल्याच्या सगळ्या वेळा होत्या आणि पोत्यात सगळ्या चिठ्ठ्या. त्या दोन्ही लावून डॉक्टर, भाऊ आणि मी अशा आम्ही तिघांनी तीन आठवडे रविवारीसुद्धा बसून एकाच नंबरच्या जोड्या काढल्या. अकरा निघाल्या. बावीस माणसं. त्यांतल्या दोघींचं, म्हणजे देवरीच्या मुलीचं आणि चोरखमाऱ्याच्या तिचं, आधीच निस्तरलं होतं. उरलेल्या वीसजणांना एकेक करून शोधायला लागलो, जे सापडले त्यांचं रक्त परत घेतलं, कागद बदलून दिले. काहींनी शिव्या दिल्या, एका म्हाताऱ्यानं चहा पाजला. बहुतेकांचे निकाल दोन्हीकडं सारखेच होते, काही फरक पडला नव्हता.

अठरा सापडले. दोन सापडले नाहीत. एक देवरीच्या पुढं जंगलाकडच्या गावची बाई होती, तिथं त्या नावाचं कुणीच नव्हतं, नाव किंवा गाव चुकीचं लिहिलं गेलं असावं. दुसरा बिरसीचा एक तरुण. मी दोनदा गेले. पहिल्या वेळी घराला कुलूप होतं. दुसऱ्या वेळी शेजारच्या बाईनं सांगितलं की ते सगळे कामाला छत्तीसगडकडं गेले, पोराचं लग्न तिकडंच करणार आहेत म्हणे. तिच्याकडं त्यांचा फोन नंबर होता. मी तो लिहून घेतला आणि पुढं वर्षभर लावत राहिले. तो कधीच लागला नाही.